शून्य पूर्णांक शून्य एक टक्का

मुंबईच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला तेव्हा मी कारखान्याच्या माडीवर पॅकिंग लिस्ट करत बसले होते. डिसेंबर २०२० चा पहिला आठवडा. खाली माग चालू असले की फोन वाजलेला ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं सगळं मेलवर चालतं. अ‍ॅझो रंगांच्या, म्हणजे ज्यांतल्या काहींतून कॅन्सर करणारी अमाइन नावाची रसायनं सुटतात त्या रंगांच्या, तक्त्यात बावीसच्या बावीस ओळींपुढे ‘आढळले नाही’ लिहिलेलं होतं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि खाली सरकले. शेवटची ओळ होती नोनिलफिनॉल इथॉक्सिलेटची. ३१० मिलिग्रॅम प्रति किलो. मर्यादा १००. शेरा: नापास.

तळमजल्यावर सात टन टर्किश टॉवेल बांधून तयार होते. हॅम्बुर्गच्या एका आयातदाराची ऑर्डर. लॉकडाऊननंतरचं आमचं पहिलं मोठं काम, आणि सोलापूरच्या पूर्व भागात त्या दिवसांत किती मागांना कुलूप होतं ते इथल्यांना सांगायला नको.

आधी वाटलं, रंगात चूक झाली असणार. आमच्या घराला रंगाची धास्ती जुनी आहे. पण हा पदार्थ रंगात नव्हता. तो साबणात होता. सूत ओलं व्हावं म्हणून जे ‘वेटिंग’ घालतात, रंगाईनंतर सुटा रंग काढायला जो साबण घालतात, त्यात हे रसायन स्वस्त आणि हुकमी म्हणून वर्षानुवर्षं वापरलं जातं. धुऊनही थोडं कापडात राहतं. मग ते कापड कुणाच्या तरी वॉशिंग मशिनमध्ये जातं, तिथून नदीत. पाण्यात त्याचं नोनिलफिनॉल होतं, आणि ते माशांच्या शरीरात मादीच्या संप्रेरकासारखं वागतं.

युरोपीय संघाचा नियम असा की पाण्यात धुतलं जाणारं कापड ३ फेब्रुवारी २०२१ नंतर बाजारात आणायचं असेल, तर त्यात हे रसायन वजनाच्या ०.०१ टक्क्यापेक्षा कमी हवं. किलोमागे १०० मिलिग्रॅम. नियम जानेवारी २०१६ मध्येच छापला होता, पाच वर्षांची मुदत देऊन. मला तो माहीत नव्हता, हे मी इथे स्पष्ट लिहिते. अ‍ॅझोची चाचणी आम्ही डोळे मिटून करून घेत होतो आणि तेवढंच पुरेसं आहे असं धरून चाललो होतो.

हॅम्बुर्गच्या कंपनीत या गोष्टी बघणाऱ्या बाई आहेत. कधी भेटलो नाही, पण सहा-सात वर्षांचा पत्रव्यवहार. मी त्यांना कळवलं आणि सोबत तीन विनंत्या केल्या. माल ३ फेब्रुवारीच्या आत पोचवला तर चालेल का? तुमच्या सरकारी खात्याकडून या एका कंटेनरपुरती सवलत मिळवता येईल का? आणि जर्मनीत नसेलच जमत, तर शेजारच्या एखाद्या देशात, जिथं कायदा सैल असेल तिथं, हा माल वळवता येईल का?

त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पहिल्या प्रश्नाला त्यांनी म्हटलं, जहाजाची तारीख तुम्ही देऊ शकता का? देऊ शकत नव्हते. त्या हिवाळ्यात न्हावाशेवाला रिकामा कंटेनर मिळणंच मुश्किल झालं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी तीनदा वाचलं. हा कायदा बर्लिनचा नाही, त्यामुळे बर्लिन तो सैल करू शकत नाही. आणि सत्तावीसही देशांत आकडा हाच आहे, त्यामुळे शेजारचा देश नावाची वाटच इथं नाही. त्याच्याखाली आणखी एक वाक्य होतं: तुम्हाला बरं वाटेल अशी गोष्ट म्हणजे, बर्लिन हा आकडा मनाला येईल तसा कडकही करू शकत नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी मी अडकले. तेव्हा कारखाना बघणाऱ्या आमच्या नानांना ते १९९५ साली कुणी सांगितलं असतं तर!

तेव्हा मी शाळेत होते. आमच्याकडे चादरी आणि टॉवेल दोन्ही निघत. रंगाईचं काम मामांकडे. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. रंगमास्तर, पण नानांच्या बरोबरीचे, म्हणून आम्हा मुलांचे मामा. सोलापुरी चादरीचा तो गडद मरून रंग आमच्या डाईंगमध्ये नॅप्थॉलवर निघायचा: एका टबात नॅप्थॉल, दुसऱ्यात बेस, सूत पहिल्यातून दुसऱ्यात गेलं की डोळ्यांदेखत रंग उमलायचा. बेसचा डबा होता ‘गार्नेट जीबीसी’. मामांचे हात कोपरापर्यंत मरून असायचे. मार्कंडेय रथोत्सवाला पांढऱ्याशुभ्र धोतरावर ते हात इतके उठून दिसायचे की लहानपणी मला वाटायचं, त्यांनी मेंदी लावलीय.

मुंबईच्या निर्यातदाराकडून नानांना एक यादी आली. जर्मनीने १९९४ मध्ये कायदा केला होता की ठरावीक अमाइन सोडणारे अ‍ॅझो रंग अंगाला लागणाऱ्या कापडात चालणार नाहीत, कारण ती अमाइनं कॅन्सर करतात. नाना यादी घेऊन रंगाच्या खोलीत गेले आणि डब्यांवरची नावं रसायनांच्या नावांशी जुळवत बसले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना बोलावलं. जीबीसीचं शास्त्रीय नाव यादीत निघालं. तो डबा त्याच दिवशी बाहेर गेला. भारत सरकारनेही त्याच दशकात अशा ११२ रंगांवर बंदी घातली.

पण नानांची खरी दमछाक पुढे झाली. जर्मनीचा कायदा जर्मनीपुरता. नेदरलँड्सने आपला वेगळा केला. बाकीच्या देशांत काही ठिकाणी नव्हताच. प्रत्येक गिऱ्हाइकाचा फॉर्म निराळा, हमीपत्राचा मजकूर निराळा, आणि एका देशासाठी काढलेला रिपोर्ट दुसरा देश बघायचाही नाही. आमच्यासारख्या चोवीस मागांच्या कारखान्याला हे परवडत नाही. नानांनी १९९८ ला युरोपची कामं सोडली आणि देशातल्या बाजारावर आले. त्या निर्णयानं आमची दहा वर्षं गेली असं मी मानते.

जुलै २००२ मध्ये युरोपीय संघाने या रंगांवर सगळ्या सदस्य देशांसाठी एकच निर्देश काढला आणि सप्टेंबर २००३ पासून तो लागू झाला. किलोमागे ३० मिलिग्रॅम, चाचणीची पद्धत एक, अमाइनांची यादी एक. कोणत्या वस्तूंना लागू ते त्यात नाव घेऊन लिहिलंय: कपडे, अंथरुणं, टॉवेल... ‘टॉवेल’ हा शब्द तिथे छापलेला पाहिला तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येत नाही. ब्रसेल्समध्ये कुणीतरी आमच्या वस्तूचं नाव लिहिलं होतं. त्या एका यादीच्या भरवशावर मी २००९ नंतर नानांना पुन्हा निर्यातीकडे वळवलं.

बाईंच्या त्या वाक्याचा अर्थ मला नीट समजून घ्यायचा होता. माझा मावसभाऊ सोलापूर कोर्टात वकिली करतो. त्याच्याकडे रविवारी सगळे कागद घेऊन गेले. तो म्हणाला, ‘‘आपल्याकडं समवर्ती सूचीतल्या विषयात केंद्राचा आणि राज्याचा कायदा भिडला तर कलम २५४, केंद्राचा टिकतो. तिथं केंद्र सरकार असं नाहीच. वेगवेगळी सार्वभौम राष्ट्रं आहेत, आणि तरीही वरचा कायदा टिकतो. हे कुठून आलं माहितीय? एका वीजबिलातून.’’

मग त्याने फ्लामिनियो कोस्ता या मिलानच्या वकिलाची गोष्ट सांगितली. इटलीने १९६२ मध्ये वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. कोस्तांचे त्यातल्या एका कंपनीत शेअर होते. त्यांनी १,९२५ लिरांचं बिल भरलं नाही आणि म्हटलं, हा कायदा युरोपीय कराराच्या विरुद्ध आहे. इटलीचं म्हणणं, करार आधीचा, आमचा कायदा नंतरचा, म्हणून नंतरचा चालणार. १९६४ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितलं की नाही: देशांनी मिळून आपल्या अधिकारांचा काही भाग कायमचा वर दिला आहे, तो नंतर घरचा कायदा करून परत घेता येत नाही. तसं चाललं तर प्रत्येक देशात करार वेगळा होईल. त्याच्या आदल्या वर्षीचा खटला तर मला आणखी जवळचा वाटला, कारण तो मालाचाच होता. फान खेंड एन लोस ही डच वाहतूक कंपनी जर्मनीतून एक रसायन आणत होती, त्यावरची जकात तीनाची आठ टक्के झाली. न्यायालय म्हणालं, करारातला हक्क हा व्यापारी स्वतःच्या देशातल्या कोर्टात थेट मागू शकतो.

‘‘आणि आपल्याकडं?’’ मी विचारलं.

‘‘आपण बाहेर केलेला करार आपोआप कायदा होत नाही. संसदेनं तो कायदा करून आणावा लागतो, कलम २५३. तिथंही आधी ‘निर्देश’ असला की प्रत्येक देश आपला कायदा करतो, पण ‘नियमन’ असलं की जसंच्या तसं लागू. तुझं हे जे आहे ना, रीच, ते नियमन आहे.’’

रीच म्हणजे २००६ चं रसायनांचं नियमन, जून २००७ पासून अमलात. जुना अ‍ॅझोचा निर्देशही २००९ मध्ये त्याच्याच सतराव्या परिशिष्टात गेला. त्यातलं कलम १२८ भावाने मला मोठ्याने वाचून दाखवलं. माल या नियमनात बसत असेल, तर या नियमनाने ठरवलेल्या बाबींत सदस्य देशाने त्याला मनाई, अटकाव, अडथळा करायचा नाही. पुढचं १२९ म्हणजे आणीबाणीचा दरवाजा: एखाद्या देशाला खरंच तातडीचा धोका दिसला तर तो तात्पुरती बंदी घालू शकतो, पण कारणं देऊन इतरांना लगेच कळवायचं, आयोगाने साठ दिवसांत निर्णय द्यायचा, आणि मंजुरी मिळाली तरी त्या देशाने तीन महिन्यांत सगळ्या संघासाठी बंदीचा प्रस्ताव मांडायचा. म्हणजे एकट्याने करून ठेवायचं आणि बसायचं, हे नाही.

साबणाच्या बाबतीत प्रस्ताव मांडला स्वीडनने. युरोपातल्या गिरण्यांना हे रसायन वापरायला २००५ पासूनच बंदी होती, तरी स्वीडनच्या सांडपाण्यात ते सापडत राहिलं. ते येत होतं बाहेरून आलेल्या कपड्यांतून, पहिल्या काही धुण्यांत. स्वीडन १९९५ पासून संघात. त्याला वाटलं म्हणून त्याने स्टॉकहोमला बसून आयातीवर आपला आकडा लावला नाही. हेलसिंकीच्या युरोपीय रसायन संस्थेकडे पुरावा दिला, शास्त्रज्ञांच्या आणि अर्थाच्या अशा दोन समित्यांनी तो तपासला, देशांचं मतदान झालं, आणि मग आकडा निघाला तो सगळ्यांसाठी. यात वर्षं गेली. मला पूर्वी हा वेळकाढूपणा वाटला असता. आता वाटतं, त्या वर्षांमुळेच मला एक आकडा मिळाला. नानांना अनेक मिळाले होते.

एक गोष्ट मात्र समजून असावी, कारण नवीन निर्यातदार इथं फसतात. वरचा कायदा तिथल्या सरकारचे हात बांधतो, गिऱ्हाइकाचे नाही. दुकानांची साखळी तुम्हाला कराराने अर्धा आकडाही मागू शकते, कापडात घातक रसायनं नाहीत असं सांगणारं ओएको-टेक्सचं प्रमाणपत्रही मागू शकते. तिथे कलम १२८ दाखवून उपयोग नाही.

आता कामाचं.

पाच नमुने काढले: वेटिंग, साबण, सॉफ्टनर, सायझिंगचं मेण आणि लेव्हलिंगचं रसायन. प्रत्येकाची चाचणी वेगळी, पैसे वेगळे. साबण सडकून नापास, वेटिंग थोडं. गंमत नाही, साबण देणाऱ्याचं ‘यात हे रसायन नाही’ असं सही-शिक्क्याचं पत्र माझ्या फाइलमध्ये होतं. त्याला फोन केला तर म्हणाला, सगळेच असं पत्र देतात. मी त्या दिवशी शिकले की पत्राला चाचणीची तारीख आणि लॉट नंबर नसेल तर तो फक्त कागद आहे. तेव्हापासून प्रत्येक ड्रममधली एक बाटली सील करून कपाटात राहते.

मामांना खाली जाऊन सांगितलं. ते आता पंचाहत्तरीचे, रोज येत नाहीत, पण डाईंगमध्ये अजून त्यांचाच शब्द. आमच्या तेलुगू घरांत मुलीलाही लाडानं अम्मा म्हणतात, तसं ते मला म्हणतात.

‘‘अम्मा, ह्यो साबण मी ईस वर्षं वापरलाय. ह्याच्यासारखा फेस कुनालाच येत न्हाई.’’

‘‘मामा, फेसाचाच घोटाळा झालाय.’’

‘‘आन आता?’’

आता एकच उपाय होता. सात टन टॉवेल पुन्हा धुणं. नव्या साबणात, गरम पाण्यात, दोनदा. गाठी सोडल्या, लेबलं काढली. शहरात तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळे टँकर लावले. नऊ दिवस दोन पाळ्यांत हे चाललं. शिलाईच्या बायकांनी लेबलं पुन्हा लावली, संक्रांतीच्या आठवड्यात सुद्धा आल्या. दुसरा रिपोर्ट आला: २२ मिलिग्रॅम. पास. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कंटेनर निघाला. उशिराची दंडवजावट बाईंनी निम्म्यावर आणली. या कामात मला काही उरलं नाही, पण गिऱ्हाईक राहिलं.

धुणं चालू असतानाच चौथ्या-पाचव्या रात्री मी मोरीच्या कडेला उभी होते. गरम पाण्याची वाफ, वर नव्या साबणाचा पातळ फेस, आणि ते पाणी टाकीकडे चाललेलं. आम्ही टाकीत चुना आणि तुरटी टाकतो, रंग खाली बसतो, निवळ बाहेर जातं. पण विरघळलेला साबण असा खाली बसत नाही. म्हणजे एल्बे नदीत जाऊ नये म्हणून ज्याला इतक्या लोकांनी इतकी वर्षं अडवलं, ते मी नऊ दिवसांत आमच्या नाल्यात सोडलं. आमचे नाले शेवटी भीमेलाच मिळतात. तिथेही मासे आहेत, आणि तिथलं पाणी माणसं पितात. हॅम्बुर्गच्या टॉवेलला एक आकडा होता, माझ्या मोरीच्या पाण्याला हा आकडा कुणी विचारला नव्हता. मला ते फार लागलं, अजून लागतं.

त्यानंतर मी जुना साबण देशातल्या मालालाही बंद केला. किलोमागे भाव जास्त पडतो, नानांनी एकदाच विचारलं, मी कारण सांगितलं, त्यांनी मान हलवली. आमच्या गल्लीत दोघांनी तो बदलला, बाकीच्यांनी नाही. ज्यांचा माल युरोपला जात नाही त्यांना बदलायचं बंधन कुठून येणार? ते इथूनच यायला हवं, आपल्या कायद्यातून, आणि मी त्यासाठी असोसिएशनच्या प्रत्येक बैठकीत बोलते.

दरम्यान एक ब्रिटिश गिऱ्हाईक मिळालं. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून त्याचं स्वतःचं रीच सुरू झालं. सुरुवातीला मजकूर जवळपास तोच होता, पण पुढे संघाने नवी बंधनं घातली ती तिथे आपोआप लागू होत नाहीत. उत्तर आयर्लंडला मात्र संघाचंच नियमन. म्हणजे एकाच ब्रिटिश व्यापाऱ्याचे टॉवेल बेलफास्टला गेले तर एक फाइल, लीड्सला गेले तर दुसरी. त्यांचा देश, त्यांचा निर्णय, त्यावर मी बोलणारी कोण. पण त्यांच्या हमीपत्राचा मसुदा उघडला आणि मला नानांचं १९९५ चं कपाट आठवलं.

राहिले मामा. त्या बावीस अमाइनांची यादी भावाकडे वाचली तेव्हा एक गोष्ट डोक्यात बसली होती. ३० मिलिग्रॅम हा आकडा टॉवेलने अंग पुसणाऱ्यासाठी आहे. त्या रंगाच्या टबात वीस वर्षं हात घालणाऱ्यासाठी त्यात ओळ नाही, ती असायची जागाही ती नव्हे. बेंझिडीनसारख्या अमाइनांमुळे होणारा मूत्राशयाचा कॅन्सर काम सुटल्यावर कित्येक वर्षांनीही निघतो. मामांच्या जोडीचे एक रंगारी तशाच आजाराने गेले होते, आणि तेव्हा आम्ही कुणीच दोन गोष्टींची सांगड घातली नव्हती.

मामा तयार होईनात. ‘‘मला काय झालंय?’’ शेवटी नानांनी त्यांच्या भाषेत दोन शब्द सुनावले, तेव्हा फेब्रुवारीत माझ्याबरोबर रिक्षात बसले. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करायचात? मामांनी हात पुढे केले. मरून रंग कधीच गेलाय, पण नखांच्या कडांना अजून काळसर रेघ आहे. मी पर्समधून कागद काढला, त्यावर डब्यांची नावं आणि वर्षं लिहून नेली होती. डॉक्टरांनी तो केसपेपरला टाचला. लघवीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही. दर वर्षी एकदा यायचं असं लिहून दिलं.

रिक्षात परत येताना मामा म्हणाले, ‘‘अम्मा, त्यो नवा साबण. फेस कमी येतो, पर सूत सोच्छ निघतंय.’’

पुढच्या खेपेला ते स्वतःच तारीख विचारत आले.